१२ इंची एफ/५ आरसा: कागदावर १/१० वेव्ह, ताऱ्यावर कसा निघाला

डॉब्सोनियनसाठी (साध्या स्टँडवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) मेन मिरर एका कारागिराकडून ऑर्डर देऊन बनवून घेतला, इंदूरच्या गच्चीवरून आणि चोरलकडच्या अंधारात मनसोक्त वापरून झालाय, म्हणून आता लिहितोय.

आरशासोबतच्या कागदावर १/१० वेव्ह लिहिलंय, म्हणजे चूक उजेडाच्या लाटेच्या लांबीच्या दहाव्या भागाइतकी. पण सरफेसचं (काचेच्या पृष्ठभागाचं) की वेव्हफ्रंटचं (परत फिरलेल्या उजेडाच्या लाटेचं) ते नाही लिहिलं, आणि सगळी गोम तिथेच आहे. आरशावरून उजेड परत फिरताना चूक दुप्पट होते, म्हणजे सरफेस १/१० असेल तर वेव्हफ्रंट १/५ झाला. १/४ पर्यंत लोक ठीक म्हणतात, त्यामुळे वाईट नाही, पण मग तसं स्पष्ट लिहा ना!

मग स्टार टेस्ट, म्हणजे तारा फोकसच्या थोडा आत-बाहेर नेऊन त्याच्या रिंगा बघायच्या. सगळे सांगतात ध्रुवतारा घ्या, तो हलत नाही, पण आपल्याकडे तो जेमतेम २३ अंशावर असतो, इतक्या खालच्या हवेतून तारा नुसता उकळत राहतो, त्यात आरशाचा दोष किती आणि हवेचा किती हे कसं कळणार. त्यापेक्षा ६० अंशांच्या आसपासचा दुसऱ्या प्रतीचा (बऱ्यापैकी तेजस्वी) तारा धरा आणि हाताने ट्यूब ढकलत राहा. आरसा आधी गार होऊ द्या, मागे छोटा पंखा लावा, गरम काचेवर केलेली टेस्ट फुकट.

एफ/५ म्हणजे फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या पाचपट, सुमारे १५०० मिमी, त्यामुळे ६ मिमी आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की २५० पट होतं. फोकसच्या आत आणि बाहेर रिंगा सारख्या दिसायला हव्यात. सुरुवातीला तारा एका बाजूला आडवा आणि दुसऱ्या बाजूला उभा लांबट दिसत होता, पण सेलच्या (आरसा धरणाऱ्या चौकटीच्या) क्लिपा जाम आवळून आल्या होत्या, मध्ये कागद सरकेल इतक्या ढिल्या केल्या आणि तारा गोल झाला. म्हणजे काचेत ॲस्टिग्मॅटिझम (दोन दिशांना फोकस वेगवेगळा होण्याचा दोष) नाही, ही मोठी गोष्ट. नंतर खरा दोष दिसला. फोकसच्या बाहेर रिंगा एकदम स्वच्छ, आत मात्र शेवटच्या रिंगेभोवती केसाळ धूसर उजेड पसरलेला. टर्न्ड एज, पॉलिशमध्ये कड खाली उतरलीय.

कडेवर पाव इंच रुंद काळ्या कागदाची पट्टी गोल बसवली. उजेड ८ टक्के गेला, पण रिंगा दोन्हीकडे बऱ्याच जुळल्या, आणि हवा शांत असलेल्या रात्री शनीच्या कड्यांमधली कॅसिनी फट बारीक काळ्या रेघेसारखी कोरून दिसली. मृगाच्या तेजोमेघात ट्रॅपेझियम या छोट्या तारकागुच्छातले ई आणि एफ हे मंद तारेही सुटे दिसतात. मधला सगळा भाग या माणसाने फार सुंदर घासलाय, हे मान्य करायलाच पाहिजे.

त्याला सांगितलं तर कड परत घासून द्यायला तयार आहे, पण कोटिंग उतरवून पुन्हा ॲल्युमिनियम चढवावं लागेल, शिवाय एवढी काच परत कुरिअरने पाठवायची, मी नाही पाठवत. ५ पैकी ४. तुम्ही घेणार असाल तर ऑर्डर देतानाच वेव्हफ्रंटचा आकडा लिहून घ्या आणि अगदी कडेपर्यंतचे रॉन्की टेस्टचे (जाळीच्या रेघांवरून आरशाचा आकार तपासायची चाचणी) फोटो मागा.