विंडोज ११ सोबत उबुंटू: एकच डिस्क की दोन?

एकाच एसएसडीवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टम) दोन्ही बसवायचं तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून ६० जीबी मोकळी करा. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) मध्येच ठाण मांडून असेल तर तेवढी जागा सुटत नाही. शिवाय विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी बूटचा क्रम बदलतो आणि ग्रब, म्हणजे कोणती सिस्टम सुरू करायची ते विचारणारा उबुंटूचा बूट मेनू, दिसेनासा होतो.

वेगळी एसएसडी घेतली की ही कटकट बरीच टळते. मात्र इन्स्टॉलर कधीकधी ग्रब विंडोजच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइल्स असतात त्या छोट्या भागात) टाकतो. म्हणून उबुंटू बसवताना विंडोजची डिस्क काढूनच ठेवा. डेस्कटॉप असेल तर आम्ही हेच सुचवू.

घड्याळ मात्र एक डिस्क असो वा दोन, चुकतंच: उबुंटूतून परतल्यावर भारतात विंडोज ५ तास ३० मिनिटं मागे दाखवतं.