अकरा महिन्यांचा हँड ब्लेंडर: सूप एक नंबर, पण त्या कपलरचं काय?

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजलेले, पातेल्यात भोपळा-गाजर मऊ शिजलेलं. ब्लेंडर आत घातला, बटण दाबलं आणि मोटर नुसती किंचाळायला लागली. पातं जागचं हललं नाही. प्लग काढून दांडा वेगळा केला, तर मोटरला जिथे तो बसतो तिथे पांढरी भुकटी साचलेली. बोटावर घेऊन पाहिली, प्लास्टिक! कपलरचे, म्हणजे मोटर आणि दांडा जोडणाऱ्या तुकड्याचे, दाते झिजून गुळगुळीत झाले होते, चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारखे. घेऊन अकरा महिने व्हायला चार दिवस बाकी होते. पावती फ्रिजवरच्या डब्यात होती, म्हणून नक्की सांगू शकते.

वॅट आणि स्पीड खोक्यावर लिहिलेले असतात, ते इथे परत लिहीत नाही. मुळात घेतला का ते सांगते. गेल्या वर्षी सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, उरलेले दात काढले. कवळी बसेपर्यंत काही महिने मऊच खायचं होतं. त्यांना बीपी आहे, त्यामुळे पाकिटातली सूप पावडर नको, त्यात मीठ फार. पहिले आठ दिवस मिक्सरवर भागवलं. एकदा घाईत गरम सूप भांड्यात ओतून फिरवलं. आतली वाफ फुगली, झाकण उडालं आणि मनगटावर चांगला फोड आला. नंतर रोज सूप गार करा, फिरवा, परत गरम करा, दोन भांडी जास्तीची घासा. कंटाळून इथल्या, नाशिकच्या एम. जी. रोडवरून 1,790 रुपयांना हँड ब्लेंडर आणला. आमच्या घरात एवढे पैसे उगाच कोणी खर्च करत नाही. त्यामुळे तो किती चालतो हा प्रश्न माझ्यासाठी मोठा होता.

आधी जे आवडलं ते मनापासून लिहिते. घरचं सूप पाणचट होतं आणि हॉटेलातलं दाट, असं का, हे मला या यंत्रामुळे कळलं. हॉटेलात सूप गाळतात, मग कॉर्नफ्लोअर आणि क्रीम घालून दाटपणा परत आणतात. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे 100 मिली घातलं की 25 ग्रॅम. मी चार वाट्यांच्या सूपला फक्त एक चमचा तूप घालते. तेही फोडणीपुरतं नाही, गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध काहीतरी लागतंच. दाटपणा येतो भाजीच्याच गरापासून, फक्त ती बारीक व्हायला हवी. गाळायचं काही उरतच नाही, त्यामुळे चोथाही पोटात जातो. अण्णांची पोट साफ न होण्याची तक्रार महिन्याभरात थांबली.

आमचं रोजचं प्रमाण: लाल भोपळा पाव किलो, दोन गाजरं, अर्धा बटाटा, धुतलेली मूगडाळ दोन चमचे, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या. तुपावर कांदा-लसूण परतायचा, बाकीचं घालून कुकरला चार शिट्ट्या. वाफ पूर्ण जिरली की खोल पातेल्यात ओतायचं आणि ब्लेंडर तळाशी टेकवून मगच बटण दाबायचं. पातं वर असताना चालू केलं तर ओटा आणि भिंत दोन्ही पुसावी लागतात. वीस सेकंद फिरवायचं, थांबायचं, दांडा थोडा तिरका करून अडकलेली हवा सोडायची, परत वीस सेकंद. बटाटा अर्ध्याच्या वर घालू नका. जास्त घालून जास्त फिरवला की सूप खळीसारखं चिकट होतं, मी दोनदा बिघडवलंय. डाळीने मात्र खरा मऊपणा येतो. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, "सूनबाई, साय घातलीस का गं?" घरात त्या दिवशी दूधसुद्धा नव्हतं.

थंडीत तर चंगळ झाली. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो, आणि मटार, फ्लॉवर, पालक सगळं स्वस्त. गणेशवाडीच्या बाजारातून पिशवी भरून आणायची आणि रोज एक रंग. फ्लॉवरचं सूप थोडं दूध आणि चिमूटभर जायफळ घालून इतकं पांढरंशुभ्र होतं की पाहुण्यांना त्यात क्रीम नाही हे पटत नाही. टोमॅटोत मात्र दूध घालायला जाऊ नका, आंबटपणाने फाटतं. गिरणाऱ्याकडच्या पिकलेल्या टोमॅटोला सहा-सात भिजवलेले काजू पुरतात. पालक गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी, झाकण न ठेवता. झाकून शिजवला की शेवाळी दिसतो आणि अण्णा वाटी बाजूला सरकवतात.

आता कपलर. हा साधा पेरूच्या बीएवढ्या दात्यांचा, अंगठ्याच्या पेरात मावणारा तुकडा. मोटरची सगळी ताकद पात्याकडे याच्यातूनच जाते. मोटर तांब्याची, दांडा स्टीलचा, पातं स्टीलचं आणि मधला दुवा प्लास्टिकचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, कपलर सुटा मिळत नाही, पूर्ण दांडा बदलावा लागेल, 690 रुपये." वॉरंटी दोन वर्षांची आहे म्हटलं, तर ती मोटरची, प्लास्टिकची झीज त्यात येत नाही. म्हणजे 1,790 च्या वस्तूत 690 रुपये एका बोटभर तुकड्यासाठी! चार फोन केले आणि प्रत्येक वेळी नव्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. एकदा तर "फोटो पाठवा" म्हणून फोटो घेतला आणि पुढे आठवडाभर काहीच नाही.

त्या दिवसांत मी माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. सगळ्यात बारीक चाळणी लावली, भाजी जास्त शिजवली आणि फिरवलं. सूप छान झालं, खोटं कशाला सांगू. पण मटाराची सालं आणि टोमॅटोचा चोथा चाळणीतच राहतो, अर्धा तास जातो आणि दंड भरून येतो. रोज करण्यासारखं नाही.

शेवटी रविवार कारंज्याजवळ मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. इथून माझं मत थोडं बदललं. काकांनी दांडा हातात घेतला, वरचं टोक बोटाने फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे दिला. "ताई, फिरवा बरं." फिरतच नव्हता, जड झाला होता. ते म्हणाले, "कपलर आपणहून नाही झिजला. दांड्यात पाणी गेलंय. नळाखाली आख्खा धरता ना?" धरत होते, रोज. वरच्या टोकाकडून पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, आतला दांडा गंजून जड फिरतो. मोटर जोर लावते आणि तो सगळा ताण प्लास्टिकच्या दात्यांवर येतो. घरी येऊन माहितीपत्रक काढलं. "वरचा भाग पाण्यात बुडवू नये" ही ओळ बारीक अक्षरांत सातव्या पानावर, फक्त इंग्रजीत. ती मी वाचायला हवी होती, हे मान्य. दुसरीही चूक माझीच. गाजर थोडं कच्चं असलं की मी ब्लेंडर दाबून धरायचे. भाजी चमच्याने सहज चिरडली जात नसेल तर अजून दोन शिट्ट्या द्या, यंत्रावर जोर काढू नका.

तरी माझं म्हणणं कायम आहे. झिजणारा भाग सुटा मिळायलाच हवा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शिलाई मशीनचा पट्टा आजही मिळतो, मग अकरा महिन्यांच्या ब्लेंडरचा कपलर का नाही? मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली, पावती आणि फोटो जोडले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, तेही वाचून ठेवलं होतं. तिथवर जावं लागलं नाही. नऊ दिवसांनी कंपनीकडून स्वतःहून फोन आला, मुलगी नीट बोलली आणि नवा दांडा पैसे न घेता घरपोच आला. म्हणून एका ताऱ्याचे तीन केले. कपलर सुटा विकायला लागले तर चार देईन, कारण सूप खरंच तसं होतं.

आता दांडा असा धुते: प्लग काढायचा, पेलाभर गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकून फक्त खालचं टोक बुडवून ब्रशने घासायचं, वरचा भाग ओल्या फडक्याने पुसायचा आणि पातं खाली करून उभा वाळवायचा. दर रविवारी वरचं टोक बोटाने फिरवून बघते, जड लागलं तर लगेच कळेल. वायर आखूड आहे, ओट्याच्या एका कोपऱ्यातच उभं राहावं लागतं, पण त्याची सवय झाली. नॉनस्टिकच्या भांड्यात मात्र वापरू नका, खालची कड टेकून ओरखडे पडतात.

काकांनी जुना दांडा ठेवून घेतलाय. मापाचा कपलर मिळाला तर तोही दुरुस्त करून देणार आहेत, 40-50 रुपयांत होईल म्हणाले. नाशिकमध्ये कोणाला हँड ब्लेंडरचा सुटा कपलर कुठल्या दुकानात मिळाला असेल तर कृपया खाली लिहा. बाहेरच्या बाजूने दाते असलेला हवाय, मिक्सरचा बसत नाही.