तालुक्याच्या गावी ऑफिस भाड्यानं घेताना दलाल कोणता धरावा?

विदर्भात दारव्हा, वरूड, हिंगणघाट, वणी, परतवाडा अशा ठिकाणी शाखा उघडायला निघालेल्या माणसापुढे साधारण तीन वाटा असतात: गावातला दलाल, नागपूर-अमरावतीची एजन्सी, नाहीतर थेट मालक. बियाणे कंपनी असो, मायक्रोफायनान्सची शाखा असो की शेतकरी उत्पादक कंपनी, या तीन वाटांची तुलना लोक दलालीच्या आकड्यावर करतात. मी आधी एवढंच पाहतो, की भाव ठरताना हा माणूस कोणाच्या बाजूनं बोलणार.

गावातला दलाल बहुधा नुसता दलाल नसतो. कुणाचा पानठेला असतो, कुणाचं कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान, कुणी विमा एजंट. त्याच्याजवळ जी माहिती असते ती कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही. कोणत्या इमारतीवरून भावाभावांत वाटणीचा दावा चालू आहे, कोणता स्लॅब पावसाळ्यात गळतो, कोणत्या मालकाचा पोरगा वर्षभरात पुण्याहून परत येऊन त्याच गाळ्यात दुकान टाकणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. चांगल्या जागांवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागायच्या आधीच त्या तोंडी सुटतात. म्हणून त्याला टाळून जागा शोधणं म्हणजे उरलेल्या जागांतून निवडणं.

पण तो जागा दाखवताना काय म्हणतो ते नीट ऐका: “मालक आपलाच मानूस हाय भाऊ, तुमी काई टेन्शन घेऊ नका.” या वाक्यावर पूर्ण विश्वास ठेवा. मालक खरंच त्याचा माणूस आहे. तुम्ही एकदा दलाली देऊन मोकळे होणार, मालकाशी त्याचा जन्माचा संबंध. त्यात बहुतेक ठिकाणी दलाली दोन्हीकडून घेतली जाते, साधारण एकेका महिन्याचं भाडं, म्हणजे भाडं वाढलं की त्याचीही कमाई वाढते. बैलबाजारात दुपट्ट्याखाली दोघांचीही बोटं दाबणारा दलाल आपण पाहिलेला असतो. खरा भाव त्याला एकट्याला कळतो. इथंही तसंच आहे, फक्त दुपट्टा नाही.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. जागा पाहायला निघण्याआधी एका पानाचं पत्र करायचं. त्यात चार गोष्टी: दलाली फक्त आम्ही देणार, मालकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही; रक्कम ठोक ठरलेली, भाड्याच्या पटीत नाही; जागेशी किंवा मालकाशी काही नातं, भागीदारी असेल तर आधी सांगायचं; निम्मे पैसे सही झाल्यावर, निम्मे नोंदणी होऊन किल्ली हातात आल्यावर. दोन्हीकडून मिळून जेवढं सुटलं असतं त्याच्या आसपास रक्कम ठेवली तर माणूस तयार होतो. बारा हजारांच्या जागेवर दलालीत दहा-बारा हजार जास्त गेले तरी चालतील. भाडं महिन्याला हजारानं उतरलं, तर तीन वर्षांत छत्तीस हजार वाचतात. नात्याचा मुद्दा पत्रात का, तर दलालानं स्वतःचीच जागा न सांगता गळ्यात मारली, तर भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे त्या व्यवहारात त्याला झालेला फायदा तुम्ही मागू शकता. अर्थात एवढ्यासाठी कोर्टात कुणी जात नाही. पत्रावर सही केलेला माणूस जपून बोलतो, एवढाच त्याचा खरा उपयोग.

आता नागपूरची एजन्सी. इथं कागद चोख असतो: जीएसटीचं बिल, मसुदा, किती महिने कुणालाच सोडता येणार नाही याची अट, सगळं व्यवस्थित. पण दिग्रसमध्ये सहाशे चौरस फुटांचा एक गाळा हवा असेल, तर एजन्सीवाला गाडीत बसून येत नाही. तो दिग्रसच्याच दलालाला फोन लावतो, आणि वरची दलाली तुम्ही भरता. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, “तिथं तुमचा माणूस कोण?” उत्तरात गावातल्याच कुणाचं नाव आलं तर सरळ त्याच्याकडे जा.

एजन्सीवाले कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, क्रमांक ठळक छापतात. त्यानं फार दबून जाऊ नका. २०१६ च्या रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीसाठी आहे, भाड्याचे व्यवहार त्यात येत नाहीत. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली, म्हणजे माणूस निदान अभ्यास केलेला असतो. तुमच्या गाळ्याची हमी त्यातून मिळत नाही.

तरीही एका वेळी सहा-सात तालुक्यांत शाखा उघडायच्या असतील, करार एकाच नमुन्याचे हवे असतील, किंवा एमआयडीसीतल्या शेडमध्ये बसायचं असेल (तिथं पोटभाड्याला महामंडळाची परवानगी लागते) तर मी एजन्सीच घेईन.

थेट मालकाबद्दल थोडक्यात. गावात तुमचा स्वतःचा भरवशाचा माणूस असेल तर ही वाट सर्वांत बरी, नसेल तर नको. नगरपरिषदेच्या संकुलातले गाळे जाहीर लिलावानं जातात. दलाल तसा गाळा ‘काढून देतो’ म्हणाला, तर बहुधा मूळ गाळेधारकच पोटभाडेकरू शोधत असतो. तिथून उठा.

दलाल पारखायची माझी कसोटी कागदांची आहे. शहर हद्दीत आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), ग्रामपंचायतीत नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा), शेतजमिनीवर बांधलं असेल तर अकृषिक (एनए) आदेश. आपल्याकडे त्यात नझूलची भर. जमीन सरकारची, पट्ट्यावर दिलेली. पट्टा राहण्यासाठी असेल आणि खाली ऑफिस थाटलं, तर उद्या शर्तभंगाची नोटीस येऊ शकते. “साहेब, ही नझूल आहे, पट्टा बघून घ्या” असं स्वतःहून सांगणारा दलाल हातचा सोडू नये. “इथं सगळ्याइचं तसंच हाय” म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

दुसरी कसोटी कराराची. “अकरा महिन्यांचा करू, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, झालं” हे गावातला दलाल म्हणतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या शहरांत ३१ मार्च २००० पासून जुन्या सीपी अँड बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेशाच्या जागी आला. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा नुसती वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, असं त्यात म्हटलं आहे. महिने अकरा असले तरी सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खर्चही भीती वाटावी असा नाही. भाडं १२,००० रुपये, परत मिळणारी अनामत ६०,००० रुपये, मुदत पाच वर्षं धरा. भाडं ७,२०,००० रुपये, अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ३०,००० रुपये; बेरजेवर ०.२५ टक्के म्हणजे १,८७५ रुपये मुद्रांक. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, महापालिका हद्दीत १,०००.

जीएसटीचं मात्र गावातला दलाल सांगणार नाही, एजन्सीवाला सांगेल. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर व्यापारी जागेच्या भाड्यावरचा अठरा टक्के कर भाडेकरूनं स्वतः भरायचा. बारा हजारांवर महिन्याला २,१६० रुपये. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना) जानेवारी २०२५ पासून यातून वगळलं आहे. ज्यांच्या विक्रीवर कर लागतो त्यांना हे पैसे क्रेडिटमध्ये, म्हणजे पुढच्या करातून वजा होऊन, परत मिळतात. नुसता करमुक्त शेतमाल विकणाऱ्या शेतकरी कंपनीला मात्र तो निव्वळ खर्च. म्हणून भाव करताना १४,१६० हा आकडा डोक्यात ठेवून बोला. पहिल्या बैठकीत आणि दलालाच्या समोरच.

एक-दोन शाखांसाठी मी गावातलाच दलाल घेईन, वर सांगितलेल्या पत्रावर, आणि करार वाचायला तालुका कोर्टातला एक वकील वेगळ्या फीवर. हा वकील दलालानं सुचवलेला नसावा. पत्राला दलाल नाही म्हणाला, तर जागा पाहण्यापुरती त्याला ठरलेली रक्कम देऊन भावाच्या बैठकीला आपण एकटेच जायचं. भर उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची जागा पाहायची तर दुपारी तीनला जा. दलाल सकाळी अकराची वेळ देतो, कारण पश्चिमेच्या भिंतीवर तेव्हा ऊन नसतं.