जर्कबेट की ट्यूब? विणीच्या दिवसांतल्या स्मॉलमाउथसाठी

पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना किंवा जुनियाटा नदीवर पहिलाच वसंत काढणाऱ्याने स्मॉलमाउथ बास या माशासाठी एप्रिल-मेमध्ये जर्कबेट घ्यावं की ट्यूब, एवढ्यापुरतंच हे लिहितोय. जर्कबेट म्हणजे लहान माशाच्या आकाराचं कडक आमिष; ट्यूब म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, तिच्या पोटात शिशाचं डोकं असलेला गळ. रॉड, रील, लाइन यांत शिरत नाही. उन्हाळ्यात ज्या सामानावर स्मॉलमाउथ धरलेत तेच इथेही चालतं. मी पहिली चार वर्षं वसंतात जवळजवळ फक्त जर्कबेट वापरलं आणि गेली तीन वर्षं बहुतेक ट्यूब. तेव्हा माझा कल कुठे आहे ते उघडच आहे. तरी जर्कबेटची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला पाणी ४५ ते ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. मासा डोहाच्या कडेला, मोठ्या खडकाच्या आडोशाला बसून असतो आणि पळत्या आमिषामागे जायची त्याची तयारी नसते. तिथे जर्कबेटला दोन झटके द्यायचे आणि हात आवरायचा. ते पाण्यात मधल्यामध्ये अधांतरी राहतं, ना वर येतं ना बुडतं. मी मनात दहापर्यंत मोजतो. बऱ्याचदा सात-आठवर लाइन नुसती जड होते, आणि पुढच्या क्षणी रॉड वाकलेला असतो. पोट गाबोळीने भरलेल्या मोठ्या माद्या मला मिळाल्या त्या बहुतेक अशाच. या दिवसांत ट्यूब मला तरी जर्कबेटच्या जवळपासही पोचलेली दिसली नाही.

दुसरं म्हणजे ते तळाला लागत नाही. जुनियाटाचा तळ म्हणजे आडव्या खडकांच्या ओळीच ओळी. ट्यूबच्या पोटातलं शिसं त्यांच्या फटीत जाऊन बसतं आणि मग लाइन तोडण्यावाचून इलाज नसतो. एका सकाळी चार-पाच ट्यूब नदीला देऊन घरी येणं मला नवीन नाही. वस्तू स्वस्त आहे, पण शिसं नदीत राहतं याची रुखरुख लागतेच.

इथवर वाचून कोणी जर्कबेट घ्यायला निघालं तर मी अडवणार नाही. फक्त डॉगवुडची झाडं वसंतात फुलेपर्यंतचीच ही गोष्ट आहे.

पाणी ५५ च्या पुढे सरकलं की नर उथळात येतो. धारेपासून आडोसा असलेली जागा, बहुतेक वेळा एखाद्या धोंड्याच्या किंवा पडलेल्या ओंडक्याच्या बाजूला, शेपटीने झाडून साफ करतो. गाळ उडून खालची खडी उघडी पडते, परातीएवढा किंवा त्याहून मोठा फिकट गोल दिसायला लागतो. पाणी साठीत पोचलं की मादी तिथे अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. अंड्यांवर परांनी वारा घालत राहणं, गाळ बसू न देणं, आल्यागेल्याला हुसकावणं. अंडी फुटून काळी काळी पिल्लं वर आली तरी तो त्यांच्याभोवती फिरत राहतो. या दिवसांत तो खाण्यासाठी म्हणून आमिषावर येत नाही. ते घरट्याजवळ आलं म्हणून येतो.

आणि इथेच जर्कबेटची एक गोष्ट मला छळायला लागली: तिहेरी गळ. एका आमिषाला दोन, कधी तीन. म्हणजे सहा ते नऊ टोकं.

मेच्या मध्यातली सकाळ होती. मांडीभर पाण्यात उभा होतो, ऊन अजून टेकडीच्या मागे, त्यामुळे तळ दिसत नव्हता. काठाला समांतर जर्कबेट आणत होतो. सोळा-सतरा इंचांचा नर लागला. हुसकावायला आलेला मासा आमिष नीट तोंडात घेत नाही, कडेने तडाखा देतो, त्यामुळे पुढचा गळ जबड्यात बाहेरून आणि मागचा कल्ल्याच्या झाकणाखाली. मी त्याला जाळ्यात घेतलं. त्याने एक गिरकी मारली आणि मागच्या गळाची मोकळी टोकं जाळ्याच्या धाग्यांत रुतली. आता मासा जाळ्याला शिवलेला. पक्कड घेऊन एक टोक सोडवावं, तर मासा अंग झाडे आणि दुसरं टोक नव्या धाग्यात जाई. कल्ल्यातलं टोक ओढायची तर हिंमतच होईना. शेवटी जाळ्याचे चार धागे कापले, दोन्ही गळ काढले, माशाला धारेकडे तोंड करून धरलं आणि सोडलं. घड्याळ लावलं नव्हतं. पण तोवर ऊन टेकडीवरून पाण्यावर आलं होतं, आणि मला माझ्यापासून वीस पावलांवर तो फिकट गोल दिसला. त्यावर सनफिश या छोट्या माशांची झुंबड होती. डोकी खाली, शेपट्या वर, खडी चिवडत. नर परत आला, दोघा-तिघांना हाकललं, पण उशीर झाला होता हे मला तिथूनही कळत होतं.

मी त्या घरट्यावर मुद्दाम गळ टाकला नव्हता. दिसणाऱ्या घरट्यावर पुन्हा पुन्हा गळ टाकायला पेनसिल्व्हेनियात बंदीच आहे, आणि साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बास पकडला तर तिथल्या तिथे सोडायचा असतो. आपल्या पट्ट्याचा नियम वेगळा असू शकतो, तो पाहून घ्यावा. पण नियम पाळूनही हे घडलं, कारण जर्कबेट लांबवर पाणी विंचरत येतं आणि न दिसलेल्या घरट्यावरचा नरही खेचून आणतो. त्याचा जो गुण एप्रिलमध्ये हवासा वाटतो तोच मेमध्ये नकोसा होतो.

ट्यूबला गळ एकच. मी त्याच्या टोकाजवळचा, मासा निसटू न देणारा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. मासा जवळ आला की जाळं काढतच नाही. पाण्यातच वाकून गळाची दांडी चिमटीत धरतो, उलटी फिरवतो, मासा गेला. माझ्या अंदाजाने यात दोन-चार श्वासांपेक्षा जास्त वेळ जात नाही. ट्यूब मासा तोंडात घेतो, त्यामुळे गळ बहुतेक वेळा वरच्या जबड्यात, समोरच सापडतो. तसंच ट्यूब कुठे टाकायची ते मी ठरवू शकतो. मेमध्ये सगळे मासे काही घरट्यावर नसतात. अंडी घालून झालेल्या माद्या आणि अजून वेळ न आलेले मासे खोल पाण्यात, दोन धारा मिळतात त्या शिवणीवर असतात. तिथे ट्यूब तळाशी क्रेफिशसारखी (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्यासारखी) सरकत, थांबत आणायची. उथळ काठाकडे पाठ करून उभं राहायचं, एवढं पथ्य पाळलं तरी बरीच घरटी वाचतात.

तोटेही सांगतो. काटा दाबल्यावर मासे सुटतात. स्मॉलमाउथ उडी मारण्यात पटाईत, आणि हवेत लाइन जरा ढिली पडली की संपलं. माझे चारातला एक तरी असा जातो. ज्याला प्रत्येक मासा हातात यायला हवा त्याला ट्यूब कंटाळवाणी वाटेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मधला मार्ग म्हणून मी जर्कबेटचे तिहेरी गळ काढून एकेरी लावूनही पाहिले. गळ हलके झाले आणि अधांतरी राहणारं आमिष हळूहळू वर यायला लागलं. त्याची सगळी जादू त्या थांबण्यातच होती. जड एकेरी गळ शोधून, बारीक शिशाची पट्टी चिकटवून तोल साधणारे लोक आहेत. माझ्याकडून ते मनासारखं झालं नाही. रबराचं जाळं मात्र जरूर घ्यावं, गळ त्यात कमी रुततात. फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं हलकं आमिष, टाकता येत असेल तर मग हा प्रश्नच उरत नाही: मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात सस्क्वेहानावरच्या स्मॉलमाउथसाठी जी क्लाउझर मिनो नावाची फ्लाय बांधली, तिला एकच गळ आहे.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. पहिल्या पावसात पऱ्याला पाणी आलं की चढणीचे मासे धरायला सगळी वाडी कंदील घेऊन बाहेर पडायची, आणि त्या गाबोळीची चव मी विसरलेलो नाही. त्याच वेळी खाली बंदरात होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत वर ओढलेल्या असायच्या. दोन्ही गोष्टी मी एकाच गावात पाहिल्या. त्यामुळे विणीच्या दिवसांत गळ टाकूच नये, असं म्हणणारा मित्र मला परका वाटत नाही. मी टाकतो, पण या नदीवर जरा जपून टाकतो, त्याला कारण आहे. सस्क्वेहानात २००५ पासून काही वर्षं स्मॉलमाउथची कोवळी पिल्लं रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली आणि पुढे मोठे मासेही कमी झाले. वर मे महिन्यात पूर आला तर घरटीच वाहून जातात. हा मासा मूळचा इथला नाही, १८५४ मध्ये ओहायोच्या खोऱ्यातून रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून तो पोटोमॅक नदीत आणला आणि मग या बाजूच्या नद्यांत पसरला, तेव्हा त्याची एवढी काळजी कशाला, असंही कोणी म्हणतं. मला ते पटत नाही. आज नदीत आहे तो मासा इथेच, याच खडीवर जन्मलेला आहे.

तर दोन्ही घेण्याची ऐपत आणि इच्छा असेल तर दोन्ही घ्या. एकच घ्यायचं असेल आणि एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांतच जायला मिळणार असेल तर जर्कबेट, मी निःशंकपणे सांगेन. पण आपल्यापैकी बहुतेकांना सवड मिळते ती मेमध्ये, शाळा सुटायच्या आधीच्या शनिवार-रविवारी. त्यांनी साडेतीन इंची ट्यूबचं हिरवट तपकिरी पाकीट घ्यावं, सोबत पाव औंसाची आणि त्याच्या निम्म्या वजनाची अशी थोडी जिगची डोकी (ट्यूबमध्ये घालायचे शिशाच्या डोक्याचे गळ), आणि एक पक्कड. दुकानातून गाडीत बसल्या बसल्याच सगळ्या गळांचे काटे दाबून टाका; नदीवर पोचल्यावर पहिल्या माशाच्या घाईत ते राहून जातं. माझी जर्कबेटं डॉगवुड फुलल्यावर गॅरेजमधल्या फळीवर जातात. जूनमध्ये उथळातली काळी पिल्लं पांगली आणि नर पुन्हा धारेला जाऊन खायला लागला, की ती खाली काढतो.