‘चुनामिश्रित’ या एका शब्दाने भिंत गेली

आमच्या जुन्या दगडी घराला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. काही ठिकाणी पोपडे सुटले होते, पायाजवळ ओल दिसायची. जुन्या इमारतींचीच कामं करतो असं सांगणारा एक कंत्राटदार आला, हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत फिरला आणि म्हणाला, "सगळा गिलावा मेलाय. उतरवून नवा करावा लागेल." तो आवाज मला तेव्हा ओळखता येत नव्हता. पोकळ वाजत होतं ते दोन-तीन जागी. बाकी भिंत भरीव होती. तेवढीच ठिगळं काढून दुरुस्ती झाली असती. पण सगळा गिलावा उतरवला गेला. खिडकीच्या कडेला जुन्या गवंड्याच्या बोटांचे ठसे होते, चुना ओला असताना उमटलेले. तेही राडारोड्यात गेले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त दुःख त्याचं आहे.

त्याने आधी एका कोपऱ्यात नमुना करून दाखवला. तो खरोखर चुन्याचा होता, सुंदर होता. तो बघून मी करारावर सही केली. करारात लिहिलं होतं, ‘चुनामिश्रित गिलावा’. मी तो शब्द चुन्याचा गिलावा असाच वाचला. सिमेंटमध्ये चुन्याची पावडर टाकली तरी तो चुनामिश्रितच ठरतो, हे मला काम संपल्यावर कळलं.

खरं तर खुणा डोळ्यांसमोर होत्या. चुन्याच्या कामाला तयारी लागते. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं, मग तो विरवून मुरत ठेवतात. जुन्या बांधकाम-नियमांप्रमाणे कंत्राटदाराला तीन वर्षांपेक्षा ताजा चुना वापरायला मनाई होती, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. म्हणजे चुन्याच्या कामात घाई करणाऱ्यावर वचक हवा, हे दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना ठाऊक होतं. आमच्याकडे चुना विरवायला ना खड्डा होता, ना मुरवायला पिंप. फक्त गोण्या यायच्या आणि कामगार त्या रिकाम्या करून लगेच उचलून न्यायचे. दुसऱ्याच दिवशी गिलाव्यावर खिळ्याने ओरखडा उठेना. विचारलं तर म्हणे, "हा लवकर बसणारा चुना आहे." असा चुना असतो, हे खोटं नाही. त्याच्या ताकदीनुसार 2, 3.5 आणि 5 अशा प्रतवाऱ्या असतात, पण ती ताकदसुद्धा 28 दिवसांनी मोजतात. मी गोणी दाखवा म्हणाले, ती कधीच दिसली नाही. तिथेच काम थांबवायला हवं होतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर ओल कमी व्हायच्या ऐवजी आणखी हातभर वर चढली. दगडात शिरलेलं पाणी चुन्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. सिमेंट ती वाट बंद करतं. मग पाणी आतच राहतं, त्यातले क्षार गिलाव्यामागे दगडात साचतात आणि दगड फोडतात. एक दिवस ताटाएवढा तुकडा खाली पडला. उचलून उलटा केला, तर मागे बोटभर जाडीचा दगडाचा थर चिकटून आलेला. गिलावा धडधाकट होता, भिंत सुटली होती. जुन्या कामात उलटं असतं: झिजायचं ते गिलाव्याने, आणि दगड वाचायचा.

पडलेला तुकडा तपासणीला दिला. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर त्यात सिमेंटचे न भिजलेले कण दिसले. कंत्राटदाराने करारातला तोच शब्द पुढे केला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं.

जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 मध्ये घेतलं. त्याआधीच्या इमारतीत हे सिमेंट मुळात असूच शकत नाही, म्हणून कोणी "पूर्वीसारखंच करतोय" म्हणत त्याची गोणी फोडत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती करताना लोखंडी पट्ट्या घातल्या. मूळ कारागिरांनी लोखंडाला शिशाचं आवरण दिलं होतं, नव्या पट्ट्यांना ते नव्हतं. त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर तडकला. आता त्या काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. तिथे फसवणूक नव्हती, चूक होती. तरी भोगलं दगडानेच.

करारात ‘सिमेंट अजिबात नाही’ हे शब्दच हवेत. चुन्याची जात, वाळूचं प्रमाण, आणि मंजूर नमुन्याशी प्रत्येक भिंतीचा माल जुळवून बघायचा तुमचा हक्क, हेही लिहून घ्या. किती भाग उतरवायचा ते आधी खडूने आखून घ्या आणि त्या रेषेबाहेर छिन्नी लागू देऊ नका. शेवटचा हप्ता पावसाळा गेल्यावरच द्या.

सध्या आम्ही सिमेंट हाताने, छिन्नीने काढतोय. जिथे ते दगडाला फार घट्ट धरून आहे तिथे तसंच ठेवलंय, कारण ओढलं तर दगडही येतो. उत्तरेची भिंत निम्मी झाली आहे. कोपऱ्यातला तो नमुना मात्र अजून जसाच्या तसा आहे, खिळ्याने हलका ओरखडा उठतो आणि त्यामागची भिंत कोरडी आहे.