आईसोबत लिस्बन: एक दिवसाची गाईड टूर कशी वाटली

बहीण तिकडं नोकरीला आहे म्हणून आईला घेऊन पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला गेलो आणि एक दिवस गाईड बुक केला. आम्ही बेळगावची माणसं, चोर्ला घाट उतरला की गोवा, लहानपणापासून तिथली चर्च बघत आलोय, त्यामुळं ती बांधणारी पोर्तुगीज माणसं आली कुठनं ते बघायची लई इच्छा होती.

सकाळी नऊला नदीकाठच्या मोठ्या चौकात भेटलो. लोक अजून त्याला राजवाड्याचं पटांगण म्हणतात, पण राजवाडा कुठंच नाही, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात गेला. गाईडनं तिथंच उभं करून सगळं सांगितलं, सणाचा दिवस, चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, त्यातनं आगी लागल्या आणि जीव वाचवायला माणसं नदीकडं पळाली तर समोरनं समुद्राची लाट आली. आई गप्पच झाली. नंतर त्यावेळचा मंत्री पोंबाल यानं भूकंपानंतर आखून घेतलेल्या सरळ गल्ल्या बघितल्या, तिथल्या घरांच्या भिंतीत लाकडी सांगाडा घातलाय, परत भूकंप झाला तर घर टिकावं म्हणून. वर कार्मोचं चर्च अजून बिनछपराचं ठेवलंय, ते चुकवू नका.

दुपारी ट्रामनं बेलेंला, शहरातल्याच नदीकाठच्या भागात. जेरोनिमोस मठाचं कोरीवकाम बघून मान दुखली पण नजर हलेना. वास्को द गामाची कबर इथंच आहे. आणि हे बांधायला पैसा कुठला, तर मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या मिऱ्यांचा! आईनं मला विचारायला लावलं, गोव्याचं काय? गाईडनं विषय टाळला नाही, सरळ आम्हाला गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सरदाराच्या, आल्बुकर्कच्या पुतळ्यापाशी नेलं आणि १५१० ला गोवा घेतला तेव्हा किती माणसं मारली तेही सांगितलं. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण मार्क देतो.

तिथनं चालताना आई आणि तो शब्द जुळवत बसले, बटाटा, काजू, चावी, पगार, पाव, दोघंही खूश. आईला पोर्तुगीज येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरी अर्धा तास गप्पा.

१८३७ पासूनच्या दुकानात पास्तेल, म्हणजे तिथला कस्टर्ड भरलेला छोटा गोड टार्ट खाल्ला, गरम, वर दालचिनी, मस्तच. पण आत अंड्याचा बलक असतोय, आईनं नुसती कॉफी घेतली, अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.

तक्रार एकच, आणि ती बुकिंगवाल्या कंपनीवर. ज्येष्ठांना सोपी टूर असं लिहिलेलं, प्रत्यक्षात आल्फामा या जुन्या वस्तीचे चढ चढताना आईचे गुडघे पार गेले. गाईडनं स्वतःहून रस्ता बदलला म्हणून निभावलं. घरची मोठी माणसं असतील तर चढ किती ते आधीच विचारा आणि चपला नकोत, बूट घाला, पांढऱ्या दगडाची फरशी पाऊस नसला तरी घसरती.