स्नो ग्रूमरच्या सर्टिफिकेटच्या नावाखाली मला गंडवलं, तुम्ही तरी पैसे भरू नका

मी आठ वर्षं पोकलेन चालवतोय, मशीनची भीती नाही मला, आणि बहुतेक त्याच मस्तीत फसलो. एका रात्री मोबाईलवर व्हिडिओ आला, डोंगरउतारावर पिस्टनबुली, म्हणजे स्कीइंगसाठी बर्फ सपाट करायचं मशीन, स्नो ग्रूमर, चाललीय, मागे बर्फावर कंगवा फिरवल्यासारख्या रेघा उमटतायत, आणि खाली लिहिलेलं, ऑपरेटर पाहिजेत, ट्रेनिंग आम्ही देऊ, स्की रिसॉर्टवर नोकरी पक्की. झालं, डोक्यात तेच बसलं.

मेसेज टाकला तर पाच मिनिटांत फोन. समोरचा इतका गोड बोलायचा की विचारू नका, सर तुमचा तर हेवी मशीनचा अनुभव आहे, तुमचं झालंच समजा. आधी रजिस्ट्रेशन, मग कोर्स फी, मग प्लेसमेंट डिपॉझिट, आणि प्रत्येक वेळी हाच शेवटचा हप्ता. कोर्स म्हणजे बारा रेकॉर्डेड व्हिडिओ आणि सिम्युलेटर म्हणून लॅपटॉपवर एक गेम. शेवटी परीक्षा, त्यात मी तीन प्रश्न कोरे सोडले तरी १०० पैकी १००! तेव्हा हसलो नुसता, शंका नाही आली.

मग ऑफर लेटर आलं, खऱ्या रिसॉर्टचा लोगो, सही, शिक्का, जॉइनिंग १५ मे. घरी दाखवलं पण सगळ्यांना. दोन दिवसांनी सहज त्या रिसॉर्टची वेबसाइट उघडली तर त्यांचा सीझन एप्रिलमध्येच संपतो, मग मे महिन्यात मी काय गवत सपाट करणार होतो का?

रिसॉर्टला मेल केला, त्यांच्या ग्रूमिंगच्या हेडने स्वतः व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला असं लेटर आम्ही दिलेलंच नाही. मग त्याने विचारलं, रिव्हर्स घेताना काय करायचं शिकवलं? मी म्हटलं ब्लेड उचलायचं, मागे बघायचं. तो म्हणाला, आणि टिलर? मी गप्प. टिलर म्हणजे मागचा फिरणारा रोलर, बर्फ फोडून भुसभुशीत करतो तो, मागे जायच्या आधी तो वर घ्यायचा नाहीतर मोडतो. म्हणे हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात. माझ्या बारा व्हिडिओंत टिलर हा शब्दच नव्हता, आणि सर्टिफिकेटवर विंच ऑपरेटर पण लिहिलेलं! विंच म्हणजे खड्या उतारावर मशीन वरच्या अँकरला जवळपास किलोमीटरभर लांब केबलने बांधून चालवायचं, नवख्याला तिथे कोणी जवळपास फिरकूसुद्धा देत नाही.

खरी सुरुवात कशी होते ते पण त्यानेच सांगितलं. भरती हिवाळ्याच्या आधी होते, बरेचजण आधी लिफ्टवर नाहीतर कृत्रिम बर्फ बनवायच्या कामावर लागतात, ट्रॅक्टर किंवा पोकलेनवाल्याला कधी थेटही घेतात. मग काही रात्री सिनियरच्या बाजूला बसायचं, नंतर हलक्या उतारावर स्वतः. शिफ्ट संध्याकाळ ते मध्यरात्र नाहीतर मध्यरात्र ते सकाळ, कारण दिवसा तिथे लोक स्कीइंग करत असतात. शिकतानाही पगार मिळतो, उलट आपल्याकडून कोणी पैसे मागत नाही. पिस्टनबुली, प्रिनॉथ ही मशीनं बनवणाऱ्या कंपन्यांचं ड्रायव्हर ट्रेनिंग खरंच असतं, पण व्हॉट्सॲपवर हप्ते मागून नाही. आणि इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा सीटवर किती तास बसलाय ते विचारतात. माझे शून्य.

बँकेला त्याच दिवशी कळवलं म्हणून तिसरा हप्ता अडला, पहिले दोन गेले ते गेलेच. रिफंड मागितला तर प्रोसेसमध्ये आहे सर, आणि नंतर ब्लॉक. कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रूपमधूनही काढलं. पण माझ्याबरोबरचा एकजण अजून तिथे गप्प बसून आहे, त्याने परवा स्क्रीनशॉट पाठवला, नवीन पोराला अभिनंदन चाललंय, तेच लेटर, तीच सही, फक्त नाव वेगळं, जॉइनिंग १५ मे.